लालपरीचा मॉड फुकट द्यावा की विकावा?

प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरकडच्या डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्यानं ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाइल गेमसाठी एसटीची लालपरी बनवली आणि फुकट वाटली. गेममध्ये बाहेरच्या कुणी बनवून घातलेली अशी भर म्हणजे मॉड. महिनाभरात एका चॅनेलवाल्यानं तीच फाइल झिपमध्ये टाकून, पासवर्ड लावून, ४९ रुपयांना विकायला काढली. मुलगा विचारतो, मग मीच पैसे घेतले तर काय बिघडलं? मित्र म्हणतात मॉडचे पैसे मागणं शोभत नाही. मॉड बनवणाऱ्याला पैसे मिळावेत की नाही, ते एकदा नीट सांगा.

भाऊ, मिळायला हवेत. त्यात माझ्या मनात किंतु नाही. जळगावात थ्रीडी मॉडेलिंगच्या कामावर माझं घर चालतं आणि ते काम मी शिकलो गेममधल्या गाड्या उसवून परत जोडता जोडताच. पण तुझ्या लालपरीवर आज किंमत लावू नकोस, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. माझी कारणं तुझ्या मित्रांच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत.

आधी मित्रांचं बघू. “शौकना करता बनाडं ना, मंग पैसा कसाना मांगस रे भो?” हे मीही पुष्कळ ऐकलंय. गंमत बघ, शौकाचा हा दाखला फक्त मॉड बनवणाऱ्यालाच देतात. गेम फुकट असली तरी जाहिरातींवर चालते. चॅनेलवाला व्ह्यूजवर कमावतो. लिंक छोटी करून देणाऱ्या साइट्स क्लिकवर कमावतात, म्हणून तर एक फाइल उतरवायला पोरांना चार वेळा ‘पंधरा सेकंद थांबा’ बघावं लागतं. या साखळीत रात्र जागून दरवाजाची बिजागरी बसवणारा एकटाच काय तो शौकीन!

आणि काम काही थोडं नसतं. लालपरी म्हटली की लोकांना वाटतं लाल डबा, त्यात काय बनवायचं. बनवणाऱ्याला विचारा. जुनी ॲल्युमिनियमची बॉडी की नंतरची एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची बॉडी, हे पहिल्यांदा ठरवावं लागतं, कारण पत्रा, खिडक्या, पुढचा चेहरा सगळंच बदलतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर रिव्हेटच्या रांगा असतात. प्रत्येक रिव्हेट खरोखर उभा केला तर कमी रॅमच्या फोनवर गेम जागीच गोठते. म्हणून ते रिव्हेट टेक्स्चरमध्ये, म्हणजे बॉडीवर चढवायच्या चित्रात, असे रंगवायचे की उन्हात उठून दिसले पाहिजेत. नंबर प्लेटची तर वेगळीच परीक्षा. नवशिका पोरगा जळगाव डेपोची गाडी म्हणून हौसेनं एमएच १९ टाकतो आणि एसटीप्रेमी त्याला कमेंटमध्ये धुऊन काढतात. एसटी आपल्या बॉड्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधत आली, दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. म्हणून लालपरीवर बहुतेक वेळा त्या कार्यशाळांकडचाच एमएच १४, २० नाहीतर ४० दिसतो, मग गाडी यावलला असो की नवापूरला. तुझ्या गाडीवर एमएच २० बघितला आणि पोरगा स्टँडवर उभा राहून काम करतो हे तिथंच कळलं. पाटीवर ‘मार्गे पारोळा’ लिहायलाही विसरला नाहीस.

एवढ्या कामाचा मोबदला मागण्यात लाज कसली?

आता दुसरी बाजू. तू ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल पाठवलीस हे बरं केलंस. मी ती उघडली आणि उजवीकडची ऑब्जेक्टची यादी खाली सरकवत गेलो. बॉडी, खिडक्या, पाटी, मागची शिडी, सगळ्यांना तू मराठी नावं दिलीयस. मग मध्येच ‘वेल्ग बेलाकांग’ येतं, ‘सेटिर’ येतं, ‘कुर्सी सोपिर’ येतं. ही इंडोनेशियन नावं आहेत: मागची रिम, स्टिअरिंग, ड्रायव्हरची सीट. म्हणजे चाकं, स्टिअरिंग, सीट आणि बहुतेक अख्खा डॅशबोर्ड तिकडच्या कुणा मॉडरच्या बसमधून आलाय. त्यात तुझा गुन्हा नाही, आपल्याकडे सगळे असंच शिकतात. कुणीतरी बेस देतो, त्यावर दुसरा बॉडी चढवतो, तिसरा लिव्हरी, म्हणजे गाडीवरची रंगसजावट, करतो. पण त्या माणसानं आपली चाकं फुकट वापरायला दिली होती, तुझ्या दुकानात ठेवायला दिली नव्हती. तू ४९ रुपये लावलेस की त्यात त्याचा वाटा किती, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो वाटा न देता विकलंस, तर तुझ्यात आणि त्या चॅनेलवाल्यात फरक उरतो तो कष्टाचा, हक्काचा फारसा नाही.

नेमका हाच पेच २०१५ साली जगापुढे आला होता. २३ एप्रिलला ‘स्कायरिम’ ही गेम बनवणाऱ्या बेथेस्डानं आणि ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं त्या गेमचे मॉड स्टीमवर विकायची सोय केली. वाटणी अशी: मॉडरला २५ टक्के, व्हॉल्व्हला ३०, बेथेस्डाला ४५. पहिल्याच दिवसांत मासेमारीचा एक मॉड काढून घ्यावा लागला, कारण त्यातली हालचाल दुसऱ्या मॉडरच्या कामावर उभी होती आणि त्या दुसऱ्याची परवानगी नव्हती. ‘स्काययूआय’ नावाचा मेन्यूचा मॉड होता, त्याच्या मेन्यूवर इतर असंख्य मॉड विसंबून होते. त्याची पुढची आवृत्ती विकत मिळणार म्हटल्यावर बाकीच्यांच्या पायाखालची वाळू सरकली. आपलं काम उचलून कुणी विकेल या भीतीनं काहींनी फुकट ठेवलेले मॉडही लपवून टाकले. विकत घेतलेला मॉड परत करायला मुदत होती २४ तास. त्या वेळात मॉड चालला म्हणून पुढच्या महिन्यातल्या गेमच्या अपडेटनंतर चालेल याची हमी कोण देणार? लाखाच्या वर लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. २७ एप्रिलला, म्हणजे चारच दिवसांनी, दुकान बंद झालं आणि पैसे परत केले गेले.

या घटनेचा अर्थ बरेच जण ‘लोकांना मॉडचे पैसे नकोच होते’ असा लावतात. मला तो अर्धवट वाटतो. माझ्या मते रागाला दोन मुळं होती आणि लोकांनी ती एकत्र वळली. एक, वर्षानुवर्षं एकमेकांच्या कामावर मोकळेपणानं उभ्या राहिलेल्या फायलींवर एका रात्रीत किमतीची चिठ्ठी लागली. दुसरं, ती वाटणी. आपल्याकडे वावर निमबटाईनं करायला घेतलं तरी मालक जमीन देतो, बी-खताचा खर्च निम्मा उचलतो आणि पीक निम्मंनिम्म होतं; शिवाय हे सगळं पेरणीच्या आधी ठरतं. इथं राबणाऱ्याला चौथा हिस्सा, आणि तोही पीक उभं राहिल्यावर सांगितलेला! जमीन बेथेस्डाची होती हे मान्य, बाजार व्हॉल्व्हचा होता हेही मान्य. पण मॉडमुळे २०११ सालची ती गेम पुढे कितीतरी वर्षं विकली जात राहिली, त्या विक्रीतला एक पैसाही मॉडरकडे येत नव्हता, आणि वाटणी मात्र मॉडरच्या कमाईतून सुरू झाली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मॉडच्या श्रमाचे पैसे सगळ्यात आधी गेमच्या मालकानं द्यावेत, कारण मॉडमुळे सगळ्यात जास्त कमावतो तोच. शिरपूरच्या पोरानं दोंडाईच्याच्या पोराकडून ४९ रुपये घेणं हा शेवटचा मार्ग झाला.

आणि मालक देऊ शकतात, याचे दाखले आहेत. ‘काउंटर-स्ट्राइक’ ही १९९९ मध्ये व्हॉल्व्हच्याच ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणून मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी सुरू केली, व्हॉल्व्हनं ती विकत घेतली, त्यांना कामावर घेतलं आणि २००० मध्ये ती स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणली. ‘ब्लॅक मेसा’ हे ‘हाफ-लाइफ’चं चाहत्यांनी केलेलं नूतनीकरण, त्याच व्हॉल्व्हनं ते विकायला परवानगी दिली आणि ते २०२० मध्ये पूर्ण झालं. आपल्या गेमसाठी टोप्या, बंदुकीचे रंग, पोशाख अशा वस्तू बनवणाऱ्या दीड हजारांहून जास्त लोकांना मिळून ५ कोटी ७० लाख डॉलर दिल्याचं व्हॉल्व्हनं २०१५ च्या जानेवारीत जाहीर केलं होतं. हे स्कायरिमच्या गोंधळाच्या तीनच महिने आधीचं. तिथंही मॉडरचा वाटा चौथाच होता, तरी बोंब झाली नाही, कारण कंपनी वस्तू स्वतः निवडत होती, गेममध्ये बसवत होती आणि मोडली तर निस्तरत होती. बेथेस्डानंही पुढे २०१७ मध्ये ‘क्रिएशन क्लब’ काढला, त्यात प्रस्ताव आधी, पैसे कामाच्या टप्प्यांवर, आणि जुना फुकटचा मॉड उचलून विकायचा नाही, असा नियम ठेवला. लोकांनी त्यालाही नावं ठेवली, पण तो चार दिवसांत बंद पडला नाही. ‘फोर्टनाइट’नं २०२३ पासून कमाईतला ४० टक्के हिस्सा नकाशे बनवणाऱ्यांसाठी बाजूला काढला.

उलटी उदाहरणंही हवीत, नाहीतर तुला वाटेल सगळीकडे आनंदच आहे. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’चा मॉड. त्यातून एक अख्खा खेळप्रकार जन्माला आला, ‘वॉरक्राफ्ट’च्या मालकाच्या, म्हणजे ब्लिझर्डच्या, हातातून मात्र तो निसटला. डोटा सांभाळणारा मुख्य माणूस २००९ मध्ये व्हॉल्व्हकडे गेला आणि २०१३ मध्ये ‘डोटा २’ आली. ब्लिझर्डनं यातून काय धडा घेतला? २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती काढताना करारातच लिहून टाकलं की आमच्या साधनांनी बनवलेला नकाशा आमच्या मालकीचा. म्हणून गेमचा करार वाच भाऊ, कंटाळा आला तरी वाच. ज्या पबजीपायी आपल्याकडे निम्मी पोरं रात्रभर जागली तिचं मूळही मॉडच आहे. ‘आर्मा २’वर ‘डेझी’ हा मॉड आला, त्यावर ब्रेंडन ग्रीननं शेवटचा उरेल तो जिंकेल असा मॉड केला, आणि २०१७ मध्ये त्याची गेम झाली. असे लोक बोटावर मोजण्याइतके. त्यांच्याकडे बघून कॉलेज सोडू नकोस.

आता तुझी फाइल विकणाऱ्याकडे वळू. असे लोक नवे नाहीत. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गेमसाठी चाहत्यांनी बनवलेल्या, फुकट ठेवलेल्या ३०० लेव्हल एका कंपनीनं उतरवून घेतल्या आणि सीडीवर विकल्या. गेमच्या मालकांनी खटला जिंकला, १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं सीडीवाल्यांना चूक ठरवलं. पण निकाल कशावर फिरला बघ: त्या लेव्हल मूळ गेमच्या कथेवर उभ्या आहेत आणि तो हक्क गेमच्या मालकाचा आहे. लेव्हल बनवणाऱ्यांच्या श्रमाबद्दल त्या भांडणात कुणी बोललंच नाही. गेमच्या परवान्यातही अट होती की लेव्हल बनवा, पण फुकट वाटा.

तुझ्या बाबतीत गोष्ट थोडी बरी आहे. लालपरीची बॉडी तू शून्यातून बनवलीयस, ती गेममधून काढलेली नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं असं मूळ काम बनवणाऱ्याचंच असतं, नोंदणी केली नाही तरी. कलम ५७ प्रमाणे त्यावर आपलं नाव असावं हा हक्कही आहे. मग काय कर? व्हिडिओखाली कमेंटमध्ये भांडू नकोस, तो तुला ब्लॉक करून मोकळा होईल. फाइल ज्या साइटवर ठेवलीय तिथं कॉपीराइटची तक्रार कर, फाइल गेली की त्याच्या सगळ्या व्हिडिओंखालची लिंक एका झटक्यात मरते. पुरावा म्हणून ब्लेंडरच्या जुन्या सेव्ह केलेल्या फायली, स्टँडवरचे तुझे मूळ फोटो आणि अर्धवट कामाचे स्क्रीनशॉट जपून ठेव. पण त्याआधी ती चाकं, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड बदल, नाहीतर मूळ मालकाची लेखी परवानगी घे. दुसऱ्याचा माल पोटात असलेल्या फाइलवर हक्क सांगायला गेलास की समोरचा पहिला तेच बोट दाखवणार. इंडोनेशियातल्या त्या मॉडरला साधा मेसेज टाक. ‘नाव देतो, फुकटच ठेवतो’ म्हटलं की बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.

पासवर्ड लावून विकण्याबद्दल एवढंच: कुलूप टिकत नाही. पहिला गिऱ्हाईक पासवर्ड ग्रुपवर टाकतो आणि धंदा संपतो. उरते ती जबाबदारी. फुकट दिलेला मॉड गेमच्या अपडेटनं मोडला तर लोक म्हणतात, दादा, जमलं तर बघा. विकत दिलेला मोडला तर रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर फोन येतो, आणि तो ४९ रुपयांत तुझा जन्मभराचा मालक झालेला असतो.

फाइल मोकळी ठेवून पैसे घेण्याच्या वाटा आहेत आणि त्या चालतात. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’साठी ‘प्रोमॉड्स’ नावाचा प्रचंड नकाशा आहे. तो फुकट मिळतो पण सावकाश उतरतो; वेगानं हवा असेल तर थोडे पैसे भरायचे. ‘सिम्स ४’च्या मालकांनी २०२२ मध्ये असा तोडगा काढला की मॉड काही काळ पैसे देणाऱ्यांना आधी द्या, पण नंतर तो सगळ्यांना फुकट झाला पाहिजे. ‘नेक्सस मॉड्स’ आणि ‘कर्सफोर्ज’ या साइट्स आपल्या उत्पन्नातून डाउनलोडच्या हिशेबानं मॉडरला गुण देतात, त्याचे पैसे होतात. मोबाइलच्या बस गेमसाठी यातलं सगळं लागू नाही. यूपीआयचा क्यूआर कोड मात्र व्हिडिओत टाकता येतो. लोक दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून नेटचा रिचार्ज निघतो. त्याहून जास्त आशा ठेवू नकोस.

माझ्यासारख्याला खरा पैसा मिळाला तो ऑर्डरच्या कामात. पुण्या-सुरतेकडे गाड्या सोडणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांच्या पोरांना आपली गाडी गेममध्ये हवी असते. यूट्यूबरला कन्नड घाट चढणारी अशी बस हवी असते जी दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत दिसणार नाही. तिथं तू फाइल विकत नसतोस, वेळ आणि हात विकत असतोस. गिऱ्हाईक एक असतं, काम ठरलेलं असतं आणि ते कधी संपलं हे दोघांनाही कळतं. जमलं तर तेच मॉडेल सहा महिन्यांनी सगळ्यांना मोकळं करायची अट आधीच घाल. मी घालतो, आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. गेमच्या अटींत अशा कामाला मनाई नाही ना, तेवढं मात्र प्रत्येक गेमचं वेगळं तपासून घे.

एसटीच्या बाबतीत सांभाळून. एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं आहे, पुढच्या जाळीवरचं कंपनीचं चिन्ह त्या कंपनीचं आहे. ट्रकच्या मोठ्या गेम बनवणारे अशा चिन्हांसाठी गाडी बनवणाऱ्यांशी रीतसर करार करतात. फुकटच्या लालपरीमागे कुणी लागत नाही, उलट कंडक्टर-ड्रायव्हर स्वतः ते व्हिडिओ कौतुकानं बघतात. पैसे घ्यायला लागलास की तू त्या चिन्हाचा धंदा करतोस, आणि तेव्हा आलेल्या नोटिशीला उत्तर तुलाच द्यावं लागेल. विकायचंच असेल तर बिननावाची, आपल्या कल्पनेतली गाडी बनव.

ऑर्डर घेताना तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घे: निम्मे पैसे आधी, बदल दोनदाच, आणि गेम अपडेट झाल्यावर दुरुस्तीचे पैसे वेगळे. ट्रॅव्हल्सवाल्याच्या गाडीवरचं नाव आणि चित्र वापरायची परवानगी त्याच्याकडूनच मेसेजवर माग, पोराकडून नको. दर ठरवताना बसच्या लांबीवर जाऊ नकोस, आतलं केबिन हवं का ते आधी विचार. बाहेरच्या बॉडीइतकाच वेळ डॅशबोर्ड खातो, आणि तुझा डॅशबोर्ड तर अजून बनायचाच आहे.